खरखर आणि काटछाट

रेडिओच्या आवाजाची पारख करायची असली की मी निवेदक ऐकत नाही, तबला ऐकत नाही, गायकाचा गळाही नंतर. आधी तानपुरा शोधते. तो सापडला, त्याची जवारी ओळखू आली, एका तारेचा नाद पुढच्या तारेत मिसळताना कळला, की उरलेलं गाणं नीट पोचेल याचा भरवसा वाटतो. तानपुरा मागे कुठेतरी नुसताच घुमत असेल, तर सेट कितीही महागाचा असो, तिथे माझं मन लागत नाही.

आता रेडिओ ऐकायचे मार्ग पुष्कळ झाले आहेत. मध्यम लहरी आहेत, एफएम आहे, नव्या गाड्यांतून येणारा डिजिटल रेडिओ आहे, डीटीएचच्या बॉक्सवर टीव्हीतून लागणारी आकाशवाणी आहे, फोनवरची ॲप आहेत. यातल्या कशातून सगळ्यात चांगलं ऐकू येतं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: डिजिटल, कारण त्यात खरखर नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. खरखर नाही म्हणजे आवाज स्वच्छ आहे, एवढंच झालं. तो पुरता आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि रागसंगीताच्या बाबतीत तोच मोठा.

मिरजेला तानपुरे बनवणाऱ्यांच्या दुकानात मी जवारी लावताना बघत बसले आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर वाद्य उभं राहतं, पण ते बोलू लागतं घोडीवर. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित बाक असतो आणि कंप पावणारी तार त्या बाकावर सतत टेकते, सुटते, पुन्हा टेकते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस. मग तारेखाली दोरा सरकवतो. केसाएवढा दोरा हलला की मिटलेला आवाज एकदम उघडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात याच घोडीचं कौतुक आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर वाजू नयेत असा तारेचा नियम. तानपुऱ्यावर आणि वीणेवर मात्र तेही वाजतात, कारण घोडी त्यांना नव्याने जन्म देते. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो कुणी लावलेला नसतो. आपण त्याला स्वयंभू म्हणतो. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे ३४७ हर्ट्झवर हा गंधार उभा असतो. त्याच्याही वर, कित्येक हजार हर्ट्झपर्यंत, उपस्वरांची रांग एकामागून एक उजळत आणि विझत जाते. जवारी म्हणजे ती उजळणारी रांग. ज्या माध्यमातून ती नीट पार पडते, त्यावर माझा विश्वास बसतो.

आणि यासाठी आकाशवाणीने एक उत्तम नमुना रोज पहाटे आपल्या हाती ठेवला आहे: तिची संकेतधून. वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आलेल्या संगीतकाराची ती रचना मानली जाते. हिटलरच्या छळाच्या काळात हा माणूस १९३४ मध्ये मुंबईला आला आणि मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. धुनेत व्हायोलिन पुढे आहे आणि खाली तानपुरा. तेच ध्वनिमुद्रण, तीच धून, कुठल्याही केंद्रावरून, कुठल्याही मार्गाने. मार्ग बदलला की काय बदलतं हे ऐकायला यापेक्षा चांगली सोय नाही. पहाटे सभा सुरू व्हायच्या आधी उठून दोन-तीन सेट शेजारी-शेजारी मांडायचे आणि ऐकायचं, हा माझा जुना नाद आहे.

मध्यम लहरींपासून सुरुवात करते, कारण महाराष्ट्राने आपलं बहुतेक गाणं त्यांच्यावरच ऐकलं. पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. हे आकडे आमच्या पिढीला पाठ आहेत, पण आकड्यांमधल्या अंतराचा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन शेजारच्या जागांत ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. त्यातून प्रत्येक केंद्राच्या आवाजाला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंतची मोकळीक मिळते. माणसाचा तरुण कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे वरचा मोठा पट्टा मुळातच बंद. तबल्याच्या किनारीचा टणत्कार बोथट होतो, सतारीचं झगमगणं मावळतं, ‘स’ आणि ‘श’ जवळजवळ एकसारखे वाटू लागतात.

तरीही त्या जुन्या सेटवर तानपुरा लागतो. याचं कारण मी हिशेब मांडला तेव्हा कळलं. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झचा धरला, तर साडेचार हजारांच्या आत त्याचे ३२ उपस्वर मावतात. गंधार, पंचम, वरचे षड्ज, सगळे आत. वरची चमक गेली, पण उरलं ते मोडतोड न होता उरलं: प्रत्येक उपस्वर आपल्या जागी, आपल्या वेळेला उजळतो आणि आपल्या वेळेला विझतो. लाकडी कपाटाच्या व्हॉल्व्ह सेटमध्ये मोठा स्पीकर असायचा, त्यामुळे खर्जालाही अंग यायचं. आजच्या हातावर मावणाऱ्या स्पीकरमधून तो खर्ज येत नाही; मेंदू वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो. जुन्या सेटचा आवाज ‘गरम’ होता असं म्हणतात त्यात आठवणीची माया असेलच, पण बराचसा भाग स्पीकरच्या आकाराचाही आहे.

खरखरीचं म्हणाल तर ती मध्यम लहरींची खरी शिक्षा. पावसाळ्यात दूर कुठे वीज चमकली की रेडिओत कडाका उठतो. संध्याकाळ झाली की आकाशाचा वरचा थर दूरदूरच्या केंद्रांना परत खाली पाठवू लागतो आणि आपल्या केंद्राच्या पाठीमागे परकी कुजबुज सुरू होते. हे पूर्वीही होतं. गेल्या काही वर्षांत मात्र घरातलाच गोंगाट वाढला आहे: एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या गच्चीवरची सौर यंत्रणा, प्रत्येकाच्या पोटातलं छोटं मंडल सतत फडफडत असतं आणि ती फडफड थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात उतरते. १९७० साली ज्या सेटवर शनिवारचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम निवांत ऐकता यायचा, तोच सेट आज त्याच कोपऱ्यात ठेवला तर भुणभुणतो. सेट तोच आहे, घर बदललं आहे. दिवे मालवून, चार्जर काढून, ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवत न्यायचा. आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा असते, एका कोनात भुणभुण एकदम खाली बसते. हे ज्याने केलं नाही त्याने मध्यम लहरींना नावं ठेवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसरी गोष्ट. खरखर गाण्यावर येऊन पडते, गाण्याच्या आत शिरत नाही. कानाला ती वेगळी काढता येते. शांत खोलीत दहा मिनिटं बसलं की खरखर मागे सरते आणि गाणं पुढे येतं. भर पावसात पत्र्याखालची मैफल माणसं ऐकतात ती याच शक्तीवर. ही कानाची शक्ती मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे येणार आहे त्याच्यापुढे ती हतबल ठरते.

एफएमचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे ते १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं. त्यावर आवाजाला १५ किलोहर्ट्झपर्यंत वाट मिळते, विजेचे कडाके जवळजवळ पोचत नाहीत, आणि सरळ नजरेच्या टप्प्यात मनोरा असला तर मला आजही सर्वांत समाधानकारक वाटतं ते नीट लागलेलं एफएमच. सिग्नल कच्चा असेल तर स्टीरिओत एक बारीक फुसफूस येते; सेटवर मोनोचं बटण असेल तर दाबावं, फुसफूस लगेच ओसरते आणि ख्यालाचं काही बिघडत नाही. व्यापारी वाहिन्या गर्दीत उठून दिसण्यासाठी हळू-मोठा सगळा आवाज दाबून एका पातळीला आणतात. गाड्यांच्या रहदारीत त्याचा उपयोग असेल. आलापीला मात्र ते मारून टाकतं, कारण आलापी उभी असते ती हळू आणि मोठ्यातल्या अंतरावर.

या एफएमच्या संदर्भात ब्रिटनमधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथल्या अभिजात संगीताच्या श्रोत्यांनी डिजिटल रेडिओ आला तेव्हा जुन्या एफएमची बाजू हिरिरीने घेतली. बीबीसीने १९९५ मध्ये डॅब या नावाने डिजिटल प्रसारण सुरू केलं, पण एका लहरगुच्छात पुष्कळ वाहिन्या बसवायच्या म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला येणाऱ्या बिटांत कपात होत गेली, आणि संगीत ऐकणाऱ्यांनी ती नेमकी पकडली. एफएम शुद्ध, डिजिटल भेसळीचं, अशी बाजू पडली. पण ज्या एफएमला ते शुद्ध म्हणत होते, त्याचा आवाज लंडनच्या स्टुडिओतून मनोऱ्यांपर्यंत १९७२ पासूनच डिजिटल रूपात जात होता: सेकंदाला ३२,००० नमुने, प्रत्येक नमुना १३ बिटांचा. त्या आवाजावर श्रोते तृप्त होते. म्हणजे डिजिटलशी त्यांचं भांडण नव्हतंच. भांडण काटकसरीशी होतं. आकड्यात रूपांतर केल्याने आवाज मरत नाही. रूपांतर केल्यावर त्यातले आकडे फेकून दिले की मरतो.

किती फेकतात ते पाहावं. सीडीवर एका सेकंदाच्या स्टीरिओ आवाजासाठी १४,११,२०० बिट खर्च होतात. मध्यम लहरींवरच्या डिजिटल प्रसारणाला, ज्याला डीआरएम म्हणतात आणि जे आकाशवाणीने देशभरात उभारलं आहे, एका केंद्राच्या रुंदीत सेकंदाला साधारण २० हजार बिटांची जागा मिळते. सत्तरातला एक बिट ठेवायचा, एकोणसत्तर सोडायचे. यात आवाज ओळखू येतो हीच गणितज्ञांची मोठी करामत आहे, आणि ती मी मानते.

ही करामत ज्या तत्त्वावर चालते त्याला आच्छादन म्हणता येईल. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या उंचीचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. मग जे जाणवणारच नाही ते पाठवायचं कशाला? संकेतन करणारं यंत्र क्षणाक्षणाला आवाज तपासतं, मोठं काय आणि बारीक काय ते ठरवतं, बारीक ते वगळतं किंवा अगदी ओबडधोबड मापात बसवतं. बातम्यांसाठी, गप्पांसाठी, ढोल-गिटारच्या गाण्यासाठी हा न्याय चालतो. आपल्या मैफिलीत मात्र मोठा आवाज गायकाचा आणि बारीक आवाज तानपुऱ्याचा, आणि मोठा आवाज सुरात आहे की नाही हे त्या बारीक आवाजावरूनच ठरतं. गायकाने मारव्याचा कोमल रिषभ लावला की तो षड्जाला जे घासतो, ते घासणं ऐकायला षड्ज तिथे असावा लागतो. बिट कमी पडले की यंत्र सगळ्यात आधी हात घालतं ते तिथेच. गाणं ऐकू येतं, शब्द कळतात, राग ओळखता येतो, आणि तरी काहीतरी अधांतरी वाटत राहतं. पायाखालची जमीन पातळ केलेली असते.

कमी बिटांच्या संकेतनात आणखी एक प्रकार होतो, तो ऐकल्याशिवाय पटायचा नाही. साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचा आवाज पाठवलाच जात नाही. त्याऐवजी खालच्या पट्ट्याचीच नक्कल करून ती वर चिकटवतात आणि तिचा जोर किती ठेवायचा एवढ्या सूचना सोबत पाठवतात. पैठणीचा काठ विरला म्हणून अंगातलीच एक पट्टी कापून काठाच्या जागी जोडावी, तसं. लांबून काठ आहे असं दिसतं. पण नक्कल केलेले उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत पडतील याची खात्री नसते. त्या उंचीवर कानाला स्वर काटेकोर कळत नाही हे खरं. मात्र जवारीचा पोत कळतो. संकेतधुनेतलं व्हायोलिन डीआरएमवर मध्यम लहरींपेक्षा पुष्कळ उजळ येतं आणि पहिल्या क्षणी मन खूश होतं. मग तानपुऱ्याकडे कान गेला की त्याच्या वरच्या अंगाला एक धातूची, पाण्यात बुडबुडल्यासारखी छटा लागते. तार छेडल्यावर जो प्रकाश हळूहळू चढून हळूहळू उतरायचा, तो पायऱ्या-पायऱ्यांनी हलतो. तबल्याचंही तसंच: आवाज तुकड्या-तुकड्यांत बांधला जातो, आणि लखकन वाजणारा ‘ना’ एखाद्या तुकड्याच्या मध्येच आला तर त्याची धूळ त्याच्या आधीच्या शांततेत सांडते. बोल वाजण्याच्या किंचित आधी त्याचा धुरळा उठतो. निसर्गात असं कधी होत नाही, म्हणून कान थकतो, पण कशाने थकला हे त्याला सांगता येत नाही.

खरखरीपेक्षा हे मला जास्त खुपतं ते याचमुळे. खरखर बाहेरून येते, तिला बाजूला सारता येतं. काटछाट आतून होते. जे काढून टाकलं ते कानाने कुठून आणायचं?

डीआरएमवर अन्याय करायचा नाही. त्याचं काम मोठं आहे. एक प्रक्षेपक कित्येक जिल्हे व्यापतो, विजेचा खर्च कमी होतो, रात्रीची परकी कुजबुज नाहीशी होते, आणि बातम्या व शेतीविषयक कार्यक्रम इतके स्पष्ट येतात की वयस्कर माणसाला शब्द जोडत बसावं लागत नाही. मारुती, ह्युंदाई यांच्यासारख्या कंपन्यांच्या लाखो गाड्यांत तो बसवलेला आहे. चालत्या गाडीत चाकांचाच आवाज तानपुऱ्याला झाकतो, तिथे जवारीची चिकित्सा करण्यात अर्थही नाही. घाटात मात्र दोन्हींचा स्वभाव स्पष्ट दिसतो. कसारा चढताना जुना रेडिओ हळूहळू विरतो: आधी सळसळ, मग गाणं दूर जातं, वळणावर परत येतं. डिजिटल रेडिओ शेवटपर्यंत निर्मळ असतो आणि मग एकदम गप्प होतो. सिग्नल पुरेसा असेपर्यंत सगळं, पुरेसा नसला की काहीच नाही. तान अर्ध्यावर तुटते आणि सम कुठे पडली ते कधीच कळत नाही. मला विरणं परवडतं.

उपग्रहावरून रेडिओ हा मार्गही आपल्याकडे काही वर्षं होता, आणि पुण्या-मुंबईचे गाण्याचे वेडे अजून त्याची आठवण काढतात. एशियास्टार हा उपग्रह २००० साली सोडला गेला आणि त्यावरून वर्ल्डस्पेसच्या वाहिन्या येऊ लागल्या. त्यांतली ‘गंधर्व’ ही वाहिनी दिवसरात्र हिंदुस्थानी रागसंगीत लावायची, तेही रागाची वेळ सांभाळून. खिडकीत एक छोटी चौकोनी ॲन्टेना पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून ठेवायची. मध्ये आंब्याची डहाळी आली तरी आवाज तुटायचा. त्या सेवेतही बिटांची काटकसर होती आणि इअरफोन लावला की ती जाणवायची. पण रात्री दोन वाजता दरबारी ऐकायला मिळणं, मध्ये जाहिरात नसणं, आणि पुढचा कलाकार कोण याची हुरहूर असणं, याच्यापुढे मी जवारीची तक्रार गिळली. आवाजाचा दर्जा हा ऐकण्याचा सगळा आनंद नव्हे, हे त्या वाहिनीने मला शिकवलं. कंपनी कर्जात बुडाली आणि २००९च्या अखेरीस भारतातली सेवा बंद झाली. त्या संचांचा उपग्रहाचा भाग आता काहीच पकडू शकत नव्हता. घराघरांत चांगल्या अवस्थेतले सेट मुके होऊन पडले, तर त्यांच्या शेजारचा चाळीस वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर दुसऱ्या दिवशीही पुणे केंद्र लावत होता.

आता फोन. ॲपवर आवाज कसा येईल हे ॲपपेक्षा मागून येणाऱ्या प्रवाहात किती बिट आहेत यावर ठरतं. हा आकडा श्रोत्याला कुठे दिसत नाही, आणि तो दिसावा असा माझा आग्रह आहे. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश छापतात, मग आवाजाचा का नको? कमी बिटांच्या प्रवाहात तीच सगळी काटछाट असते, फक्त लहरींऐवजी इंटरनेटवरून. वर आपण तो ब्लूटूथ स्पीकरवर पाठवतो. ब्लूटूथ तो आवाज उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने दाबतं, म्हणजे एकदा चाळलेलं दुसऱ्या, वेगळ्या भोकांच्या चाळणीतून. पहिल्या वेळी जे कसंबसं वाचलं होतं, ते दुसऱ्या वेळी गळतं. गाणं ऐकायचं असेल तर फोनला तार जोडावी आणि ती चांगल्या ॲम्प्लिफायरला द्यावी. एवढ्या साध्या बदलाने तानपुरा दोन पावलं पुढे येतो.

  

डीटीएचचा मार्ग लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगते. डीडी फ्री डिशच्या थाळीवर आकाशवाणीच्या वाहिन्या येतात, त्यांत ‘रागम्’ ही २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही. टीव्हीच्या चपट्या स्पीकरवर ती ऐकू नये. बॉक्सच्या मागच्या खोबणीतून तार काढून ॲम्प्लिफायरला जोडावी. मुसळधार पावसात थाळी गप्प होते. बाकी वेळी मोबाइलचा डेटा लागत नाही, खरखर नाही, आणि रात्री उशिरा दिवे मालवून तिथे वीणा ऐकली आहे तेव्हा वाद्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतील इतकी मोकळी वाटली.

या सगळ्या तुलनेतून माझं मन पुन्हा पुन्हा जाऊन थांबतं ते आकाशवाणीच्या संग्रहापाशी. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं. १९५२ पासून राष्ट्रीय संगीत कार्यक्रम, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, गंगूबाई हनगल, आपल्या घरांत ही माणसं रेडिओतून आली. आमच्या आई-वडिलांनी त्यांना साडेचार किलोहर्ट्झच्या खिडकीतून ऐकलं. पण स्टुडिओत चांगल्या मायक्रोफोनसमोर, चांगल्या स्पूल टेपवर जे मुद्रित होत होतं, ते त्या खिडकीपेक्षा कितीतरी मोठं होतं. चांगल्या स्टुडिओ टेपवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज सहज बसतो. त्या तंत्रज्ञांना माहीत होतं की घरी पोचताना यातलं अर्धंअधिक गळणार आहे. तरी त्यांनी तानपुऱ्याची जागा बदलून पाहिली, मायक्रोफोन वीतभर मागे घेतला, जवारी नीट नसेल तर मुद्रण थांबवलं. जे श्रोत्याला तेव्हा ऐकू येणार नव्हतं, तेही त्यांनी जपून ठेवलं. संग्रहातली मुद्रणं पुढे कॅसेट-सीडीवर बाहेर आली तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की लहानपणापासून पाठ असलेल्या एका भीमपलासमागे दोन तानपुरे होते आणि त्यांच्या जवाऱ्या वेगवेगळ्या होत्या.

तेव्हा माल पुरता होता, वाट अरुंद होती. आज वाट रुंद आहे. असं असताना तोच माल पुन्हा चेपून पाठवला तर त्या तंत्रज्ञांच्या कष्टांचं आपण काय केलं?

बीबीसीने आपल्या रेडिओ ३ या संगीत वाहिनीसाठी २०१० मध्ये इंटरनेटवर सेकंदाला ३ लाख २० हजार बिटांचा प्रवाह सुरू केला आणि २०१७च्या प्रॉम्स महोत्सवात काहीही न वगळता पाठवलेल्या आवाजाचा प्रयोगही केला. तिथल्या सिंफनीला जे मिळतं ते इथल्या ख्यालाला मिळायला हवं, ही मागणी अवाजवी नाही. ३ लाख २० हजार बिटांचा प्रवाह तासभर ऐकला तर १४४ एमबी डेटा लागतो. बसमध्ये शेजारचा मुलगा तेवढ्या वेळात फोनवर जे व्हिडिओ बघतो, त्यांना याच्या कितीतरी पट लागतो. लहरींवरची जागा मोजकी आहे, तिथे डीआरएमने बातम्या आणि शेती सांभाळावी, त्यात मला आनंदच आहे. इंटरनेटवर ती अडचण नाही. निदान ‘रागम्’साठी आणि संगीत संमेलनाच्या रात्रींसाठी एक पुरता प्रवाह वेगळा ठेवावा, त्याचे बिट उघडपणे लिहावेत, आणि संग्रहातल्या जुन्या टेपा त्यातून सोडताना पुन्हा दाबू नयेत.

मी हे माझ्या कानांसाठी कमी आणि नव्याने गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी जास्त मागते. त्यांचं ऐकणं बहुतेक फोनवर होतं. माझ्या ओळखीची एक मुलगी शिकायला बसली की फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावते आणि छोटा स्पीकर शेजारी ठेवते. एकदा मी तिला माझ्या मिरजेच्या तानपुऱ्याजवळ बसवलं. खर्ज छेडला आणि गंधार ऐकू येतो का विचारलं. ती म्हणाली, “मावशी, इतका मोठा असतो तो?” मग म्हणाली की ॲपवर तिने तो आजवर कधी ओळखलाच नव्हता, गुरुजी सांगतात म्हणून मान हलवायची. दुसऱ्या दिवसापासून ती फोन तारेने आमच्या ॲम्प्लिफायरला लावून रियाज करते. आणि रेडिओवरचं गाणं ऐकताना आता तीही आधी तानपुरा शोधते, सापडला नाही तर मला फोन करून विचारते, “तुमच्याकडे येतोय का बघा, कुठल्या मार्गाने लावू?”